मालिकेतला कलाकार बदलला की पात्रही बदलते का?

तलावपाळीची वाचक (नौपाडा, ठाणे)

सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाई गेली वीस-पंचवीस वर्षे नेमाने मराठी मालिका पाहतात, आणि रात्री त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसता बसता मलाही ती सवय लागली, त्यामुळे हा प्रश्न थोडा त्यांचा आणि थोडा माझा आहे.

'ठरलं तर मग'मध्ये पूर्णा आजीची भूमिका करणाऱ्या ज्योती चांदेकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर काही काळाने त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. सासूबाईंनी पहिल्या दिवशी डोळ्यांना पदर लावला, दुसऱ्या दिवशी "हिचा आवाज जरा करडा आहे" एवढेच म्हटले आणि आठवडाभरात "आज पूर्णा आजी कशी दिसली नाही?" अशी चौकशी सुरू केली. थोडक्यात, बदल त्यांना पटला. याच सासूबाईंनी २०२१ मध्ये 'अग्गंबाई सूनबाई' सुरू झाली तेव्हा नव्या शुभ्राला अखेरपर्यंत शुभ्रा म्हटले नाही. "ती दुसरी" असाच तिचा उल्लेख होत असे. आधीच्या 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये तेजश्री प्रधान शुभ्रा होती, पुढच्या मालिकेत उमा पेंढारकर आली. शुभ्राच्या नवऱ्याचा, सोहमचा कलाकारही बदलला होता, पण त्याबद्दल मात्र त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही.

कचराळी तलावावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की कलाकार चांगला असेल तर प्रेक्षक कोणालाही स्वीकारतो. दुसऱ्या बाजूला वाटते की एकदा मनात बसलेला चेहरा बदलला की ती मालिका तिथेच संपलेली असते, पुढे फक्त जाहिरातींसाठी भाग निघत राहतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. म्हणून दोन गोष्टी विचारते. एक, काही बदल आपल्याला पटतात आणि काही पटत नाहीत, ते नेमके कशामुळे? दोन, कथेसाठी कलाकार निवडले जातात, की हाताशी असलेल्या कलाकारांसाठी कथा वाकवली जाते?

नाट्यवेडा (वर्तकनगर, ठाणे)

मी मालिका कमी आणि नाटके अधिक पाहतो. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झाले तेव्हापासूनचा तिथला प्रेक्षक आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नाकडे मी थोडे बाजूने पाहतो, ते चालवून घ्यावे.

'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर होते. पुढे सतीश दुभाषी, दत्ता भट, यशवंत दत्त अशा नटांनी तीच भूमिका केली. त्या काळी "तू कोणाचा बेलवलकर पाहिलास?" हा प्रश्न मोठ्या उत्साहाने विचारला जाई आणि त्यावर चहाचे दोन-दोन कप रिकामे होत. नट बदलला म्हणून बेलवलकर संपला, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'सारख्या मालिकेच्या बाबतीत मात्र "तू कोणाची शनाया पाहिलीस?" या प्रश्नात कुरकुरीचा सूर आधीच मिसळलेला असतो. प्रेक्षक तोच, मराठी माणूस तोच, मग हा फरक का पडावा?

मला याचे कारण नटांत दिसत नाही, संहितेत दिसते. नाटकाची संहिता पूर्ण झालेली असते. बेलवलकर शेवटी कुठे पोचणार आहे हे नव्या नटाला, दिग्दर्शकाला आणि तिकीट काढणाऱ्या निम्म्या प्रेक्षकांना ठाऊक असते. ती वाट पक्की असल्यामुळे त्या वाटेवरून कोण चालतो आणि कसा चालतो हे पाहण्यात रस निर्माण होतो. मालिकेत नेमके उलटे असते. तिथे वाट रोज नव्याने आखली जाते, सज्जन माणूस सहा महिन्यांनी दुर्जन होतो, मेलेला परत येतो, स्मृती जाते आणि सोयीच्या दिवशी परतते. 'तुला पाहते रे'मध्ये वर्षभराच्या आत विक्रांत सरंजामे प्रेमळ उद्योगपतीचा कपटी माणूस झाला, आणि तरीही लोक पाहत राहिले, कारण समोर सुबोध भावे होते. ज्या कथेत बाकी सगळे हलते आहे, तिथे चेहरा ही एकच गोष्ट स्थिर उरते. ती हलवली की प्रेक्षकाला धरायला काही राहत नाही.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मालिकेची संहिता म्हणजे तो कलाकारच असतो. कागदावरचे नंतर येते.

पडद्यामागचा (कोलशेत, ठाणे)

वरील प्रतिसाद आवडला, पण 'कागदावरचे नंतर येते' हे वाक्य वाचून हसू आले, कारण ते आपल्याला वाटते त्याहून अधिक शब्दशः खरे आहे. मी काही वर्षे मालिकांच्या दिग्दर्शन विभागात साहाय्यक होतो. घोडबंदर रस्त्याच्या आत भाड्याने घेतलेल्या बंगल्यांत आमचे चित्रीकरण चाले आणि दृश्य पूर्ण होण्याआधी पुढच्या दृश्याचे संवाद मोबाइलवर येत. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या तिघांच्या वर वाहिनीची माणसे. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की शुक्रवारी एखाद्या उपकथेचे, ज्याला आम्ही ट्रॅक म्हणतो, आयुष्य वाढे किंवा संपे.

रोजच्या मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग म्हणजे जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा ऐवज. आठवड्याला सहा भाग लागतात, म्हणजे रोज जवळजवळ एक भाग चित्रित व्हावा लागतो. तयार भागांच्या साठ्याला बँक म्हणतात. बँकेत आठ-दहा भाग असले की सगळे शांत असतात. ती दोन भागांवर आली की कोणाला ताप येऊनही चालत नाही. आता या गणितात कलाकारांच्या तारखा घाला. एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीचे नाटकाचे दौरे असतात, कोणाचे चित्रपट असतात, कोणी बाळंतपणासाठी सुट्टीवर जाते. कथा वाकते ती बहुतेक वेळा इथे.

एक उदाहरण देतो, मालिकेचे आणि माणसांचे नाव घेणार नाही. नायकाच्या आईचे काम करणाऱ्या बाईंचा निर्मात्यांशी तारखांवरून वाद झाला. त्या दोन दिवस आल्या नाहीत आणि बँक रिकामी होती. मग आई तातडीने गावी गेल्या असे ठरले, आणि त्यांच्यासाठी लिहून तयार असलेले संवाद जसेच्या तसे काकूंच्या तोंडी घातले गेले. फक्त 'माझ्या मुला' होते तिथे 'बाळा' केले. तोवर ही काकू बिचारी भाजी निवडण्यापुरती होती. त्या दोन दिवसांत ती घरातले निर्णय घेणारी बाई झाली, प्रेक्षकांना ती आवडली, आणि आई परत आल्या तेव्हा त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. पुढचे पाच महिने ती मालिका काकूंची होती. असे काहीही आधी ठरले नव्हते.

साथीच्या काळात तर हे सर्वांना उघड दिसले. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरण थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा पासष्टपेक्षा अधिक वयाच्या कलाकारांना सेटवर येण्यास मनाई होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. मधल्या दिवसांत कितीतरी आजी-आजोबा फोनवरून आशीर्वाद देत होते, ते आठवा. पुढे एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तेव्हा अनेक मालिका गोवा, सिल्वासा अशा ठिकाणी गेल्या आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. त्या काळात एखादे कुटुंब एकाएकी सहलीला का निघाले आणि घरातला एकच जण मागे का राहिला, यामागे कोणताही गूढ कथाविचार नव्हता.

आता बदल का पटतो किंवा पटत नाही, याबद्दल. आमच्याकडे एक अलिखित नियम होता आणि तो मोडला की हमखास पस्तावायची वेळ येई: चेहरा आणि स्वभाव एकाच वेळी बदलू नये. आपल्या सासूबाईंना शुभ्रा का पटली नाही, हे मला इथे दिसते. पहिल्या मालिकेतली शुभ्रा सासूचे दुसरे लग्न लावून देणारी, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी मुलगी होती. दुसऱ्या मालिकेत ती मुलाच्या संगोपनात घराबाहेर न पडणारी, आत्मविश्वास हरवलेली बाई म्हणून समोर आली. कथेच्या दृष्टीने हे वाईट नव्हते, अनेक घरांत असे होते. पण जुन्या चेहऱ्यावर ही पडझड दिसली असती तर प्रेक्षक हळहळला असता. नव्या चेहऱ्यावर ती दिसली तेव्हा त्याला वाटले की ही शुभ्राच नव्हे. उमा पेंढारकरचा त्यात काहीही दोष नाही. सोहम मात्र आधीही नालायक होता आणि नंतरही नालायकच राहिला, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार आली नाही.

ऐरोलीकर

शनायाचा उल्लेख झालाच आहे म्हणून एवढेच लिहितो. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा रसिका सुनील शनाया होती. ती २०१८ मध्ये शिक्षणासाठी परदेशी गेली आणि ईशा केसकर आली. २०२० मध्ये ईशा गेली आणि रसिका परत आली. आमच्या कार्यालयाच्या बसमध्ये तेव्हा दोन्ही वेळा सारखीच कुरकुर ऐकली आहे. मूळची परत आली तरीही दोन वर्षांत ईशाची सवय झालेल्यांना तीच उपरी वाटत होती. तेव्हा 'पहिला चेहरा' असे काही पवित्र नसावे. ज्याच्याबरोबर शेवटचे ताट वाढले तो चेहरा खरा.

सीवुड्सची गृहिणी (नवी मुंबई)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. नाट्यवेडा यांनी चेहरा ही एकच स्थिर गोष्ट असते असे म्हटले आहे, त्याला माझा नम्र विरोध आहे. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा संजनाची, म्हणजे नायिका अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईची भूमिका दीपाली पानसरे करीत होती. टाळेबंदीनंतर रूपाली भोसले आली आणि पुढे चार वर्षांहून अधिक काळ तीच संजना होती. आज अनेकांना पहिली संजना आठवतसुद्धा नाही. याचे कारण असे की त्या मालिकेत आपण संजनाला पाहत नव्हतो, अरुंधतीला संजनाकडे पाहताना पाहत होतो. अरुंधती तीच होती, अनिरुद्ध तोच, स्वयंपाकघर तेच, सासू-सासरे कांचन आणि अप्पा तेच. चार ओळखीची माणसे एखाद्या अनोळखी बाईला संजना म्हणून बोलावू लागली की आपणही बोलावतो. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरचे नाव जसे आजूबाजूचे लोक हाका मारून मारून चिकटवतात, त्यातलाच हा प्रकार आहे. अरुंधती करणारी मधुराणी प्रभुलकर बदलली असती तर मात्र हाक मारणारेच कोणी उरले नसते.

याउलट 'रात्रीस खेळ चाले'मधली अण्णा नाईकांची प्रेयसी शेवंता घ्या. तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकरने मालिका सोडली आणि कृतिका तुळसकर आली, तेव्हा लोकांना ते जड गेले. नाईकांच्या घरात शेवंताला मानाचे स्थान नव्हते, तिला तिथे हक्काने हाक मारणारे कोणी नव्हते. जे होते ते तिचे चालणे, मान वळवणे, अण्णांकडे पाहणे. अशी भूमिका शरीराचीच असते, आणि शरीर दुसऱ्याला देता येत नाही. इथे मला नाट्यवेडा यांचे म्हणणे पटते, पण फक्त इथे. (जाता जाता, पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच ज्यांचा मृत्यू झाला होता त्या अण्णा नाईकांना दुसऱ्या पर्वात काळ मागे नेऊन मालिकेचा कणा केले गेले, हा कथा वाकवण्याचा मला दिसलेला सर्वांत डौलदार प्रकार आहे.)

परंतु माझी खरी तक्रार बदलापेक्षा पहिल्या निवडीबद्दल आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. 'रंग माझा वेगळा' ही काळ्या-सावळ्या वर्णावरून हिणवल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट होती. दीपाचे काम रेश्मा शिंदेने मनापासून केले, याबद्दल वाद नाही. पण ती मूळची गोरी, आणि रोज रंगभूषा करून तिला सावळे केले जात होते. माझी मोठी मुलगी सावळी आहे. ती तेव्हा दहावीत होती आणि आजीबरोबर ही मालिका पाहत असे. एके दिवशी तिने दीपाचे रंगभूषा उतरवल्यानंतरचे छायाचित्र पाहिले आणि मला विचारले, "म्हणजे सावळ्या मुलीचे कामसुद्धा सावळ्या मुलीला मिळत नाही का?" मला उत्तर देता आले नाही. जी मालिका रोज रात्री सांगत होती की रंगाने काही फरक पडत नाही, तिच्या निवडीच्या खोलीत तो पडला होता.

पडद्यामागचा यांनी तारखा आणि बँकेच्या अडचणी सांगितल्या, त्या खऱ्या असतील. पण मालिका सुरू होण्यापूर्वी बँक रिकामी नसते, तारखांचे भांडण नसते, महिनोन्‌महिने चाचण्या चालतात. त्या वेळी घेतलेला निर्णय घाईत झाला असे म्हणता येणार नाही. त्यांच्याकडून याचे उत्तर ऐकायला आवडेल.

पडद्यामागचा (कोलशेत, ठाणे)

त्या मालिकेशी माझा संबंध नव्हता, म्हणून तिच्याबद्दल बोलणे योग्य नाही. मी ज्या एक-दोन निवडींच्या वेळी खोलीत होतो तिथले सांगतो. नायिकेच्या चाचणीला बऱ्याच मुली येत, त्यांतल्या तीन-चार जणींच्या चित्रफिती वाहिनीकडे जात. तिथे 'अभिनय चांगला आहे' यापेक्षा 'चेहरा प्रोमोत उठून दिसेल का' आणि 'हिला प्रेक्षक आधीपासून ओळखतात का' हे प्रश्न आधी विचारले जात. ओळखीचा चेहरा म्हणजे पहिल्या आठवड्याच्या आकड्यांचा विमा. नव्या सावळ्या मुलीला घेणे म्हणजे विम्याशिवाय गाडी काढणे, असे एकाने माझ्यासमोर म्हटले होते. मी तेव्हा गप्प बसलो. आपल्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा बरे उत्तर नाही.

हाक मारणाऱ्या माणसांचा आपला मुद्दा मात्र मी आमच्या जुन्या लेखकांना पाठवला आहे. नवा कलाकार आला की पहिल्या दृश्यात त्याला त्याच्या नावाने जितक्या जास्त वेळा बोलावता येईल तितके बोलवा, अशी सूचना आम्हाला असे. त्यामागचे कारण कोणी असे नेटके सांगितले नव्हते.

नाट्यवेडा (वर्तकनगर, ठाणे)

संजनाच्या उदाहरणाने माझे विधान जरा आखडते घ्यावे लागेल, हे मान्य. मुख्य पात्रापुरते ते खरे मानू. पण तिथेही एक अडचण मलाच सुचते आहे: 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर अमर उपाध्याय, इंदर कुमार आणि रोनित रॉय अशा तिघांनी केला, आणि लोकांनी तिसऱ्यालाही आपले म्हटले. तो नायक होता, संजना नव्हे. कदाचित त्या घरातही हाक मारणारी तुलसी तीच होती म्हणून निभावले असेल.

तलावपाळीची वाचक (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवले. काकूंचा किस्सा त्यांना फार आवडला आणि तो कोणत्या मालिकेतला असावा याबद्दल त्यांनी तीन अंदाज केले, ते मी इथे लिहीत नाही. शुभ्राबद्दलचे विवेचन ऐकून त्यांनी मान डोलावली. दीपाबद्दल त्या काही वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "त्या मुलीला सांग, माझा रंगही तिच्यासारखाच."

शेवटी मी त्यांना सरळच विचारले की संहिता, हाका, स्वभाव यांपैकी कशामुळे त्यांनी नवी पूर्णा आजी इतक्या लवकर आपली मानली. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले आणि आमच्या घरात ती एकही दिवस चुकली नाही, हे मी विसरलेच होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही नवी कुठे आहे? आधी देशमुखांकडे सासू होती, मग 'होणार सून'मध्ये गोखल्यांकडे आजी झाली, आता सुभेदारांकडे आली. मी हिला पंचवीस वर्षं ओळखते. ती दुसरी पोर मात्र मी कधी पाहिलीच नव्हती."